हिरवळीचा काठ

लुगड्यांच्या दुकानात बसलेल्या बायकांचे बोलणे कधी कान देऊन ऐका. अंगभर पसरलेल्या रंगाविषयी त्या दोन शब्द बोलतील आणि काठाविषयी वीस. काठ रुंद आहे की बेताचा, विणलेला आहे की नुसता छापलेला, धुतल्यावर आखडणार तर नाही ना, अशी सगळी चौकशी होते. दुकानदारही शहाणा असतो. घडी पुरती उलगडण्याआधी तो काठ पुढे करतो. रंग डोळ्यांत भरतो हे खरे, पण लुगड्याचे आयुष्य काठावर अवलंबून असते. काठ विरला की उरलेले अंग कितीही धड असले तरी ते चारचौघांत नेसवत नाही.

मी एका महाविद्यालयात मराठी शिकवते. त्यामुळे शब्दांशी चाळा करण्याची खोड जडली आहे. काठ म्हटले की कड, किनार, बांध, शीव ही सगळी भावंडे रांगेने समोर उभी राहतात. मुंबईतल्या शीव या ठिकाणाचे नाव सीमेवरूनच पडले. मुंबई बेट तेथे संपे आणि पलीकडे साष्टी सुरू होई. लग्नातल्या ज्या विधीला आपण मोठ्या थाटाने ‘श्रीमंतपूजन’ म्हणतो, तो मुळात ‘सीमांतपूजन’. वऱ्हाड गावाच्या सीमेवर आले की तेथे नवऱ्यामुलाची पूजा करून त्याला आत आणायचे. हल्ली वऱ्हाड आणि वधूपक्ष एकाच कार्यालयात शेजारशेजारच्या खोल्यांत उतरतात, सीमा उरलेली नाही, म्हणून जिभेने तिच्या जागी श्रीमंती आणून बसवली! केसांतल्या भांगालाही संस्कृतात सीमंत म्हणतात. केस तेच, डोके तेच. पण मधून एक रेघ सरळ काढली की चेहऱ्यावर टापटीप येते.

या शब्दांची आठवण होण्याचे कारण मात्र अगदी साधे आहे. यंदाच्या दिवाळी अंकात मला हिरवळीच्या काठाविषयी लिहायचे आहे. अंगणातले गवत आणि त्याच्या कडेचे फुलांचे वाफे यांच्यामध्ये जी सीमा घालतात, तिच्याविषयी. माळी लोक तिला सरळ ‘बॉर्डर’ म्हणतात. विषय वीतभर रुंदीचा आहे खरा. पण त्या वीतभर जागेवरून आमच्या चौदा बिऱ्हाडांत गेल्या वर्षी किती बोलणी झाली हे सांगितले, तर वाचक त्याला क्षुल्लक म्हणणार नाहीत.

आमची सोसायटी पुण्यातली, जुन्या बांधणीची, तीन मजल्यांची. पुढच्या बाजूला चाळीस फूट लांब आणि एकोणतीस फूट रुंद असा हिरवळीचा तुकडा आणि त्याच्या तीन अंगांना तीन-तीन फुटांचे वाफे. वाफ्यांत जास्वंद, अबोली, मोगरा, कोपऱ्यात एक आंबा. ज्या काळी ही इमारत उभी राहिली त्या काळी चौदा बिऱ्हाडांत मिळून दोन मोटारी होत्या. आता कोणाकडे एक, कोणाकडे दोन. गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात, त्यांना कोणी ओरखडे काढून जाते, पावसाळ्यात रात्री अकराला घरी येणाऱ्याला जागा शोधत गल्लीला चार फेऱ्या घालाव्या लागतात. ही अडचण खरी आहे. तेव्हा गेल्या वर्षी श्रावणात सभेपुढे प्रस्ताव आला की, हिरवळ काढून टाकावी आणि सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवून गाड्यांची सोय करावी.

प्रस्तावाच्या बाजूने दिलेली कारणे ऐकण्यासारखी होती. हिरवळ आता हिरवळ राहिलीच कोठे, असे मांडणाऱ्यांचे म्हणणे. गवत वाफ्यांत शिरले आहे, वाफ्यांतली माती पावसाने गवतावर आली आहे, मोगरा कोठे संपतो आणि गवत कोठे सुरू होते ते कळत नाही. माळीकाका आठवड्यातून दोन दिवस येतात आणि त्यांतला निम्मा वेळ वाफ्यांतली हरळी उपटण्यात जातो. मग छाटणी केव्हा करायची, खत केव्हा घालायचे? एवढा खर्च करून जर रानच राखायचे असेल, तर फरशी काय वाईट? या बोलण्यातला पहिला भाग सोळा आणे खरा होता. आमच्या बागेचे जे काही बिघडले होते ते त्या काठापाशी बिघडले होते.

आपल्याकडच्या बहुतेक हिरवळींत हरळी असते. म्हणजे आपल्या गणपतीची दूर्वा. एकवीस दूर्वांची जुडी बांधताना तिचे पाते किती नाजूक वाटते! पण हे नाजूक गवत जमिनीवर दोन तऱ्हांनी चाल करते. एक, मातीवरून सरपटणाऱ्या धावत्या दांड्या पुढे टाकून. त्या दांडीच्या पेरापेराला मुळे फुटतात आणि प्रत्येक पेर हे नवे रोप होते. दुसरी तऱ्हा मातीखालची. पांढरी, टोकदार, जाडसर खोडे जमिनीच्या पोटातून पुढे जातात आणि भलत्याच ठिकाणी डोके वर काढतात. वरून उपटले तर खालचा तुकडा उरतो, आणि उरलेल्या तुकड्यातून पुन्हा गवत उगवते. हरळी निघता निघत नाही असे आपण चिवट दुखण्याविषयीसुद्धा म्हणतो, ते उगाच नव्हे. एकच गोष्ट तिला मानवत नाही, ती म्हणजे दाट सावली. आंब्याखाली ती कधीच धरत नाही, हे पुढे आमच्या उपयोगी पडले.

माझे सासरे, अप्पा, सभेला सहसा जात नाहीत. त्यांची ऐंशी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात. वाफ्यांतली अबोली आणि मोगरा मात्र त्यांचा. रोज सकाळी स्टुलावर बसून, खुरपे घेऊन, ते त्या झाडांशी तासभर काढतात. माझ्या सासूबाई गेल्यापासून तो तास त्यांच्या दिवसाचा कणा झाला आहे. प्रस्तावाची बातमी मी त्यांना जेवताना सांगितली. ते काही बोलले नाहीत. भातावर ताक घेतले, जेवण संपवले, आणि हात धुऊन आल्यावर म्हणाले, “सूनबाई, हे भांडण गाड्यांचं नाही. बांधाचं आहे.”

अप्पांचे लहानपण नीरेच्या कालव्याखालच्या एका गावात गेले आणि पुढची सगळी नोकरी कालव्यांच्या कामावर. बांध ही काय चीज आहे हे त्यांना मला समजावून सांगावे लागले नाही. खेड्याशी नाते असलेल्या कोणत्याही मराठी माणसाला ते ठाऊक असते. ‘बांध कोरणे’ हा आपल्या भाषेतला किती बोलका प्रयोग आहे! नांगरताना दर वर्षी शेजाऱ्याच्या बाजूचा वीतभर बांध हळूच आत घ्यायचा. एका वर्षात कोणाच्या लक्षात येत नाही. दहा वर्षांनी शेजाऱ्याचे दोन तास कमी भरतात, मग मोजणी, मग भावाभावांत अबोला, मग कोर्ट. अप्पांचे म्हणणे असे की हरळी दुसरे काही करत नाही. ती बांध कोरते. आणि आमच्या बागेला तर कोरायला बांधच नव्हता.

येथे मला जरा थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. हिरवळ आणि तिचा काठ ही आपली जुनी वस्तू नाही. आपले अंगण शेणाने सारवलेले असे, मध्ये तुळशीवृंदावन, बाजूला आळी आणि वाफे. वाफ्याला वरंबा असे, तोही एक काठच, पण तो असे पाणी आत धरून ठेवण्यासाठी. आपल्या उन्हाळ्याच्या देशात जे जपायचे ते पाणी. मोगलांच्या बागांतून दगडी कडांची कलाकुसर झाली. ताजमहालापुढे मधल्या पाण्याच्या कडेने लाल दगडात ताऱ्यांच्या आकृती आखलेल्या दिसतात, त्या पाहण्यासारख्या आहेत. आखीव कापलेली हिरवळ मात्र आपल्याकडे साहेबाबरोबर आली. त्याच्या देशातही ती पूर्वी बड्या जहागीरदारांनाच परवडे, कारण ती कोयत्यासारख्या लांब पात्याने माणसे लावून कापावी लागे. 1830 साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने इंग्लंडातल्या स्ट्राउड गावी गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. कापडगिरणीत कापडावरची लव छाटणारे यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. यंत्र आले तशी साध्या माणसाच्या घरापुढेही हिरवळ आली, आणि तिच्या मागोमाग काठाचा प्रश्न आला. यंत्राचे चाक वाफ्यात घसरते, पाते कडेपर्यंत पोचत नाही, कडेला गवताची झालर राहते. म्हणजे आपल्या वरंब्याचे काम पाणी आत ठेवण्याचे, आणि हिरवळीच्या काठाचे काम गवत बाहेर ठेवण्याचे. आपल्या हवेत, आपल्या पावसात आणि आपल्या मातीत काठ घालायचा, तर त्याला ही दोन्ही कामे सांभाळावी लागतात. नुसते परदेशी पुस्तक पाहून ते जमत नाही.

सभेची पुढची बैठक कोजागिरीनंतर होती. अप्पा काठी टेकीत सभेला आले. त्यांनी भाषण केले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “हिरवळ काढायची की नाही ते मागाहून ठरवा. आधी ती कुठं संपते ते ठरवू या का?” आणि मग एक कागद पुढे केला. त्यावर पट्टीने आखलेला नकाशा होता. फाटकाकडच्या लांब बाजूने चार फूट हिरवळ त्यांनी स्वतःच्या हाताने कमी केली होती. तेथे आधीच्या फरशीला जोडून स्कूटरी उभ्या करायच्या, आणि स्कूटरींच्या सध्याच्या जागेत दोन मोटारी मावतात हे पावलांनी मोजून दाखवले होते. उरला चाळीस बाय पंचवीसचा तुकडा. त्याच्या तीन बाजूंना पक्का काठ घालायचा, नव्वद फूट. एक पावसाळा जाऊ द्यायचा. तेवढ्यात माळ्याचा वेळ वाचला नाही, तर ठोकळे बसवायला त्यांची हरकत नाही.

ठोकळ्यांचा प्रस्ताव मांडणारे आमचे शेजारी भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “अप्पा, तुम्ही चार फूट सोडले, मग मी एक वर्ष सोडतो.” चौदापैकी नऊ जणांनी होकार दिला. पण मोगऱ्याचा जीव त्या नव्वद फुटांवर टांगला होता हे मला दिसत होते, आणि अप्पांनाही.

आता काठ कशाचा करायचा यावर मते निघाली. कोणी अल्टरनँथेराची लाल ओळ लावा म्हणाले. कोणी ड्युरांटा सुचवला. झाडांचा काठ दिसतो सुरेख, पण त्याच्या मुळांमधून हरळी सुखाने जाते. ती अडत नाही, उलट तिला लपायला जागा होते. गवती चहाची ओळ त्यातल्या त्यात बरी. त्याचे ठोंब जागच्या जागी फुगते, धावत सुटत नाही, आणि चहाला पात मिळते ती निराळीच. बाजारात प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची गुंडाळी मिळते. ती वळणावर छान वळते, बसवायला सोपी, पण उथळ बसवली तर वर उचलली जाते आणि आपल्या उन्हात काही वर्षांनी कडक होऊन तडकते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीचा काठ बारीक आणि देखणा दिसतो. मात्र तिची वरची कड गुंडाळलेली नसेल तर लहान मुलांच्या पायांना धोका. एका वहिनींनी आपल्या कोकणातल्या घरावरची उतरवलेली मंगळुरी कौले आणायची तयारी दाखवली. ही कौले 1865 पासून मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात होऊ लागली आणि पुढे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर घरोघर पोचली. उभी पुरली तर त्यांचा काठ फार गोड दिसतो. पण ती पातळ असतात, पहारीचा चुकून धक्का लागला की टवका उडतो. सिमेंटची अखंड भिंत घालावी, असे एकाने सुचवले. त्यावर अप्पांनी मान हलवली. आमच्याकडची माती काळी. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यात एकसंध बांधलेली बारीक भिंत दोन वर्षांत ठिकठिकाणी तडकते. शिवाय ती पाणी अडवून धरते, आणि पुण्याच्या आषाढात वाफ्यांची तळी होतात.

शेवटी विटा ठरल्या. सुट्या, सिमेंट न लावलेल्या, म्हणजे माती हलली तर त्याही थोड्या हलतील आणि परत बसतील.

काम कसे केले ते तपशिलाने सांगते, कारण पुष्कळ घरांना ते उपयोगी पडेल. आधी खुंट्या ठोकून सुतळी ताणली. सरळ रेघ डोळ्यांनी आखू नये. डोळा नेहमी आपल्या सोयीचे पाहतो. आंब्यापाशी मात्र वळण घ्यायचे होते. तेथे पाण्याची रबरी नळी उन्हात तापवून मऊ केली, जमिनीवर हवी तशी वळवली, आणि तिच्या कडेने फक्कीची रेघ ओढली. ही रेघ आम्ही आंब्याच्या सावलीच्या कडेने नेली. सावलीत गवत धरणारच नाही. मग तेथे ते लावण्याचा हट्ट कशाला? यात आणखी एक लाभ होता. गवत कापायला हल्ली नायलॉनची दोरी गरगर फिरवणारे जे यंत्र वापरतात, त्याचा फटका बसून कित्येक झाडांची बुंध्याशी साल सोलली जाते, आणि साल भोवतीने गेली की झाड वाळते. बुंध्याभोवती मोकळी माती ठेवली की यंत्र तेथवर जातच नाही. झाडाच्या भोवती फरशी गच्च बसवणे तर त्याहून वाईट. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्यांभोवतीचे काँक्रीट एक मीटरपर्यंत काढायला सांगितले होते, ते याच कारणाने.

रेघेवर दहा इंच खोल चर खणला. तळाशी तीन इंच मुरूम घालून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून घेतला. त्यावर नऊ इंची विटा उभ्या, एकीला एक चिकटून. सात इंच मातीत आणि दोन इंच वर. साडेचार इंचांची बाजू रेघेला लावली की नव्वद फुटांना दोनशे चाळीस विटा लागतात. या उभ्या विटांना लागून, हिरवळीच्या बाजूने, दुसरी ओळ आडवी टाकली. या विटा लांबीने ठेवायच्या, त्या एकशे वीस. त्यांच्याखाली थोडा मुरूम आणि इंचभर वाळू, आणि माथा गवताच्या मातीशी अगदी समपातळीत. या आडव्या ओळीवरून कापणी यंत्राचे चाक जाते आणि पाते कडेपर्यंत पोचते. झालर उरत नाही, कात्रीने कडा कापत बसावे लागत नाही. शंभरात चार-पाच विटा फुटतात असे धरून आम्ही तीनशे ऐंशी मागवल्या. विटांचे माप भट्टीगणिक थोडे बदलते, म्हणून आधी एक वीट हातात घेऊन मोजावी आणि मग हिशेब करावा.

विटा पारखणे हे अप्पांचे काम. ते खुर्चीवर बसले आणि दोन विटा एकमेकींवर हलकेच आपटून आवाज ऐकू लागले. खणखणीत वाजली ती पक्की भाजलेली. बद्द वाजली ती बाजूला. कच्ची वीट मातीत पुरली तर एका पावसाळ्यात तिचा चिखल होतो. समपातळी पाहायला त्यांनी त्यांची जुनी पाणसळ काढली. कालव्याच्या कामात तिने कोसच्या कोस उतार मोजले होते. आमच्या नव्वद फुटांची तिला काय मातब्बरी! दर सहा फुटांवर बोटभर फट ठेवून तिच्यात बारीक खडी भरली. साचलेले पाणी तेवढ्या वाटेने जाते. विटांच्या सांध्यांत कोरडी वाळू झाडूने लोटली. वाफ्यांतली माती विटेच्या माथ्यापासून दोन इंच खाली घेतली आणि तिच्यावर वाळलेला पाला पसरला, म्हणजे जोराच्या सरीने माती उडून हिरवळीवर येत नाही.

या कामाला मुहूर्त दिवाळीच्या तोंडाचाच चांगला. पावसाळ्यात काळी माती फावड्याला चिकटते, उन्हाळ्यात दगडासारखी होते. आश्विन-कार्तिकात मात्र ती लोण्यासारखी कापली जाते. शिवाय चरातून निघालेल्या मातीचे काय करायचे, हा प्रश्न उरत नाही. ती सगळी माती सोसायटीतल्या मुलांनी घमेल्यांनी वाहून नेली आणि तिचा किल्ला केला. नाकारलेल्या विटांचे बुरूज झाले. मावळे पहाऱ्याला उभे राहिले, अळीव पेरून हिरवे रान उगवले. ठोकळ्यांच्या बाजूने मत देणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी त्या किल्ल्याची किल्लेदार होती, एवढेच सांगते.

मग पावसाळा आला. काठाने काय केले आणि काय केले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सात इंच खोल विटांनी मातीखालची बहुतेक चाल रोखली. बहुतेक म्हणते, सगळी नव्हे. हरळीची काही खोडे त्याहून खोल जातात आणि पलीकडे वर येतात. वरून धावणाऱ्या दांड्या तर विटेवर सरळ चढतात. त्यांना वीट म्हणजे बसायचा ओटा! खडीच्या फटींतूनही त्या डोकावल्या. पण फरक असा, की आता त्या दिसतात. तांबड्या विटेवर हिरवी दांडी लांबूनही नजरेला येते, आणि तिला मुळे फुटण्याआधी विळ्याने छाटता येते. पूर्वी ती वाफ्यात शिरून, मुळे रोवून, मोगऱ्याच्या बुंध्याला मिठी मारून बसे, तेव्हा कोठे आपल्याला पत्ता लागे. आषाढ-श्रावणात दर पंधरा दिवसांनी अर्धा तास, एवढेच काम उरले. अप्पांना आता वाकून हरळी उपटावी लागत नाही. स्टूल विटांच्या आडव्या ओळीवर स्थिर बसते, ते काठाकाठाने पुढे सरकतात आणि विळ्याचे टोक फिरवतात.

मला विचाराल तर काठाचा खरा उपयोग हाच आहे. त्याने कोणालाही कायमचे अडवता येत नाही. कोणी कोठे ओलांडले ते वेळेवर दिसते, आणि वेळेवर दिसले म्हणजे ते थोडक्यात आणि न रागावता दुरुस्त करता येते. गवत काही मोगऱ्याचा शत्रू नाही. त्याला जेथे मोकळीक दिली आहे तेथे मुलांनी लोळावे इतके ते गोजिरवाणे आहे. त्याची हद्द कोणी आखून दिली नव्हती, म्हणून दोघांचाही जीव मेटाकुटीला आला होता. घरात सासू-सून, भाऊ-भाऊ, शेजारी-शेजारी यांच्यात जे बिनसते, त्यात मोठ्या अपराधापेक्षा ही न आखलेली वीतभर जागाच पुष्कळदा असते. आणि ती आखायची झाली तर सुरुवात आपल्या बाजूचे चार फूट सोडून करावी लागते, हेही अप्पांच्या त्या कागदाने मला शिकवले.

वर्ष भरले. भाद्रपदात सभा झाली. माळीकाकांनी आपणहून सांगितले की या पावसात त्यांना दोनदा खत घालता आले आणि जास्वंदीची छाटणी वेळेवर झाली. ठोकळ्यांचा प्रस्ताव या वर्षापुरता मागे घेण्यात आला. कायमचा मिटला असे मी म्हणणार नाही. गाड्या वाढतच आहेत आणि रात्री जागा शोधणाऱ्यांचे हाल संपलेले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावे लागेल, पुन्हा कोणाला तरी कागद पुढे करावा लागेल. परंतु मोगरा या उन्हाळ्यात भरभरून फुलला होता, आणि ठोकळेवाल्या शेजाऱ्यांच्या घरच्या सत्यनारायणाला त्याचीच फुले गेली, हे मात्र घडले आहे.

ज्यांच्या अंगणात हिरवळीचा हातभर तुकडा असेल, त्यांनी फराळाची गडबड आटोपली की एकदा त्याच्या कडेने चालून पाहावे. माती अजून मऊ आहे. डिसेंबर उलटला की ती आवळू लागेल. सुतळी, चार खुंट्या, एक फावडे आणि नीट भाजलेल्या विटा एवढ्यावर दोन रविवारांत काम होते. सगळ्या विटा एकदम आणणे परवडत नसेल, तर ज्या बाजूने गवत अधिक शिरते ती बाजू आधी घ्यावी. आणि मुलांनी किल्ला अजून मोडला नसेल, तर त्याच्या बुरुजांच्या विटा त्यांना विचारून मागून घ्याव्यात. विचारून मात्र, त्यांचीही हद्द आहे.